रणगाड्यावरची धूळ

रायपुरात धूळ विकत घ्यावी लागत नाही. ती घरपोच येते, आणि प्रतवारी करून येते. उत्तरेला उरला-सिलतऱ्याकडे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. तिकडची काळी, किंचित चमकणारी धूळ गच्चीचं खातं सांभाळते. रस्त्यांच्या आणि इमारतींच्या कामांची पांढरट धूळ पुढच्या दाराने रीतसर आत येते. चैत्र-वैशाखात दुपारचा वारा सुटला की भात कापून मोकळ्या पडलेल्या शेतांची पिवळी धूळ खिडक्यांच्या फटींतून शिरते. २००० साली छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि तेव्हापासून इथे काहीतरी पाडणं आणि काहीतरी बांधणं अखंड चालू आहे. आमच्या गल्लीतल्या बायका सकाळी गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवतात आणि त्या बोटाकडे बघून रात्री वारा कुठून वाहत होता ते सांगतात. वेधशाळेपेक्षा त्यांचं निदान लवकर येतं.

अशा गावात राहणारा शहाणासुरता माणूस धुळीचा बाजारभाव शोधत बसतो, हे घरच्यांना समजावून सांगणं अवघड आहे. पण मी प्लॅस्टिकचे रणगाडे जोडतो, आणि या छंदात धूळ बाटलीत मिळते. स्पेनमधल्या रंगांच्या कंपन्या ती विकतात. बुच लावलेली, लेबल लावलेली, परदेशातून विमानाने येणारी धूळ. ती रायपूरच्या पत्त्यावर मागवायची म्हणजे कुरिअरवाल्याच्या तोंडाकडे बघायची सोय राहत नाही.

ज्यांनी हा छंद पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खोकं उघडलं की रणगाडा निघत नाही. निघतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी, आणि त्यांना फांदीला कैऱ्या लटकाव्यात तशी लटकलेली चाकं, कड्या, झाकणं, हुक, दिवे, फावडी. या चौकटीला स्प्रू म्हणतात. त्यातून एकेक भाग कापायचा, कापल्या जागी उरलेला बारीकसा कोंब कानशीने घासायचा, वर पॉलिश पेपर फिरवायचा, आणि मग जोडायचा. जोडायला जे द्रावण वापरतात ते प्लॅस्टिकच्या दोन्ही कडा थोड्या विरघळवतं, आणि वाळल्यावर त्या कडा एकजीव होतात. घाईला आलेला माणूस फेव्हिक्विककडे वळतो. ते सगळ्यात आधी त्याची दोन बोटं एकमेकांना जोडतं. सांध्यात फट राहिलीच तर त्यावर नळवाल्यांचं एम-सील आहे. नळाला जे चालतं ते तोफेलाही चालतं.

सोबत एक कागद येतो. त्यावर वाक्यं नसतात, नुसती चित्रं आणि बाण असतात. ए-७ घ्या, बी-१२ ला लावा, मग दोघांना मिळून सी-३ मध्ये बसवा. एखादा भाग इतका बारीक असतो की चिमट्यातून सुटला की थेट दिसेनासाच होतो. आमच्या घरात जुन्या पद्धतीची मोझेकची फरशी आहे. ज्याने ही फरशी शोधून काढली त्याला हरवलेल्या वस्तू परत सापडू नयेत असंच वाटत असावं. त्या ठिपक्यांच्या गर्दीत बी-१२ पोटावर झोपून शोधताना घरात पाहुणे आले, तर त्यांना काय सांगायचं हे अजून ठरलेलं नाही.

चाकांचं प्रकरण वेगळं. सध्या टेबलावर आहे तो सेंच्युरियन. याला एका बाजूला सहा चाकं, आणि प्रत्येक चाक दुहेरी. म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून चोवीस चकत्या झाल्या. प्रत्येकीच्या कडेवर साच्याची बारीक रेघ असते, ती घासून काढायची. एवढी तपश्चर्या झाल्यावर कागदावरचा बाण सांगतो की आता बाजूचे पत्रे लावा. पत्रे लावले की वरची अर्धी चाकं दिसत नाहीत. गीतेतला निष्काम कर्मयोग समजून घ्यायला काही जण काशीला जातात. मला तो सेंच्युरियनच्या चाकांनी शिकवला.

या खेळाचं प्रमाण बहुतेक वेळा एकास पस्तीस. हे प्रमाण कसं ठरलं याची कथा मजेदार आहे. जपानच्या शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी १९४६ साली लाकडाच्या व्यापारात सुरू झाली आणि पुढे लाकडी खेळण्यांतून प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींकडे वळली. १९६१ च्या सुमारास त्यांनी जर्मन पँथर रणगाडा काढला. तो विजेवर चालणारा हवा होता, म्हणून आत मोटार आणि बॅटरीचे दोन सेल बसतील एवढा धड आखला. नंतर मोजून पाहिलं, तर तो खऱ्या रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा भरला. मग पुढचेही त्याच मापाने केले. इटलीची इतालेरी, कोरियाची अकॅडमी, रशियाची झ्वेझ्दा, चीनची ट्रम्पेटर, सगळ्या त्याच वाटेने गेल्या. ज्यांना एका रिव्हेटची जागा चुकली तर झोप येत नाही, अशा जगभरच्या काटेकोर लोकांचं माप शेवटी दोन सेलवर बेतलेलं आहे. तामियाला जगभर पोचवणारे शुनसाकु तामिया २०२५ साली नव्वदीत वारले. सेल केव्हाच गेले, माप राहिलं.

एकास पस्तीस म्हणजे रणगाडा पस्तीस पटींनी हलका होतो असं नाही. लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही पस्तिसांनी भागायची. म्हणजे आकारमान ४२,८७५ पटींनी कमी. खरा सेंच्युरियन सुमारे ५१ टनांचा. तो एकास पस्तीस करून पुन्हा पोलादातच घडवला तर एक किलो दोनशे ग्रॅमच्या आत बसेल. धडाची लांबी होते वीतभर. आमच्या गावापासून थोड्याच अंतरावर भिलाईचा पोलाद कारखाना आहे, सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला आणि १९५९ पासून धगधगणारा. विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी जे खास पोलाद लागलं त्यातही भिलाईचा वाटा आहे. अशा लोखंडाच्या मुलखात बसून मी प्लॅस्टिकचा रणगाडा घासतो, याबद्दल भिलाईत नोकरी करून निवृत्त झालेले आमचे एक नातेवाईक मला प्रत्येक दिवाळीला टोमणा मारतात. ते म्हणतात, "सांगितलं असतंस तर खरा तुकडा आणून दिला असता." मी म्हणतो, "तो पॉलिश पेपरने घासला जाणार नाही, काका." दर वर्षी हेच संभाषण होतं आणि दोघांनाही ते आवडतं.

मोठ्या माणसाने खेळणं करत बसावं यात नवल वाटायचं खरं तर कारण नाही. श्रावण अमावास्येला आपला पोळा. इथे छत्तीसगडात महिने पौर्णिमेला संपतात, म्हणून त्याच दिवसाला भादोची अमावास्या म्हणतात आणि सणाला पोरा. गोल बाजारात त्या आठवड्यात मातीचे नंदिया बैल येतात, चार मातीच्या चाकांचे, रंगवलेले, दोरीने ओढायचे. मुलींसाठी मातीचं जातं, चूल, भांडी. नागपूरकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, तेव्हा लाकडी बैल मिरवतात. ती रीत नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासूनची सांगतात, आणि त्याच भोसल्यांच्या बरोबर अठराव्या शतकात मराठी माणसं छत्तीसगडात येऊन राहिली. रायपूरच्या तात्यापाऱ्यातली, बूढापाऱ्यातली जुनी मराठी घरं ही त्या वाटेवरची. तेव्हा चाकावर चालणारी प्रतिकृती घरात ठेवणं ही काही जपानहून आलेली खोड नव्हे.

दिवाळीतला किल्ला तर आपलाच. विटा, दगड, गोणपाट, वरून चिखलाचा गिलावा, त्यावर पेरलेली मोहरी किंवा अळीव. घर सोडून पाचशे मैलांवर आलेल्या माणसांनीही अंगणाच्या कोपऱ्यात तो केला. फक्त मापाचा कायदा तिथे निराळा आहे. सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून उंच असतात, मावळे त्यांच्या गुडघ्याएवढे, आणि पहारेकरी दरवाजातून आत जाऊ शकत नाही. तिथे उंची मानावर ठरते, फूटपट्टीवर नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी एखाद्या पोराने हमखास प्लॅस्टिकचा हिरवा रणगाडा आणून उभा केलेला असतो, आणि कुठलाही समंजस बाप तो उचलायला सांगत नाही. अफझलखानाची फौज मोठी होती, तेवढी मदत चालते.

आमच्या घरातला वाद मापावरून नाही. तो धुळीवरून आहे.

रणगाडा जोडून, प्रायमर मारून, हिरवा रंग देऊन झाला की तो दिसतो छान. बायको येते, बघते, म्हणते, "अहो, मस्त झालाय. आता काचेच्या कपाटात ठेवून द्या." नेमकं तिथूनच खरं काम सुरू होतं. आता तो मळवायचा असतो. पातळ तपकिरी रंग खाचांत सोडायचा. ब्रश रंगात बुडवून जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि नुसता उंचवट्यांवरून फिरवायचा. जिथे पाय पडत असतील तिथला रंग उडवायचा. गंज चढवायचा. चिखल लावायचा. आणि सगळ्यात शेवटी धूळ. जोडायला जेवढा वेळ जातो, जवळपास तेवढाच मळवायला जातो.

"तुम्हाला सोफ्याखालची धूळ दिसत नाही," बायको म्हणते, "आणि खेळण्यावर मात्र ब्रशने लावता." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडेच असेल असं वाटत नाही. मी फक्त एवढं म्हणतो की सोफ्याखालची धूळ मापात नसते.

हे उत्तर वाटतं तेवढं वात्रट नाही. एकास पस्तीसच्या जगात एक मिलिमीटरचा वाळूचा दाणा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरची खडी. अंगणातली माती जशीच्या तशी लावली तर रणगाड्यावर खडीचा ट्रक उपडा झाल्यासारखं दिसतं. म्हणून बाटलीतली धूळ विकत मिळते. ती पिठाहून बारीक दळलेली असते. त्या बाटल्यांची नावं मोठी वाचनीय आहेत. युरोपची धूळ. रशियाची माती. उत्तर आफ्रिकेची धूळ. व्हिएतनामची माती. आखाती युद्धाची वाळू. यादी वाचत गेलं की कळतं, हा मातीचा नकाशा नाही, आठवणींचा आहे. ज्यांच्या युद्धांवर चित्रपट निघाले, पुस्तकं खपली आणि खोकी विकली गेली, त्यांची माती बाटलीत आली. असल उत्तरची बाटली नाही. लोंगेवालाची नाही. शकरगढची नाही.

आणि गंमत म्हणजे आपल्या त्या लढायांत मातीने स्वतः भाग घेतलेला आहे. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आले, तेव्हा आपल्या सैन्याने पाणी सोडून उसाची शेतं भिजवली होती. त्या काळातले नवेकोरे अमेरिकी रणगाडे त्या चिखलात रुतले, मंदावले, आणि उसात दबा धरून बसलेल्या आपल्या रणगाड्यांच्या आणि तोफांच्या तोंडी आले. चौथ्या ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने रणगाडे फोडले ते याच लढाईत, आणि तिथेच ते पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. लढाईनंतर पकडलेले आणि मोडलेले पॅटन एका जागी आणून उभे केले, त्या जागेला पॅटन नगर असं नाव पडलं. १९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाला हेच काम राजस्थानच्या वाळूने केलं. रात्री चालून आलेल्या रणगाड्यांची चाकं तिने धरून ठेवली, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांना ते उघड्यावर सापडले.

तिसरी लढाई शकरगढ भागातली, बसंतर नदीची. तिथली माती सुरुंगांनी भरलेली होती. वाट पूर्ण साफ होण्याआधीच पूना हॉर्सचे सेंच्युरियन त्या पट्ट्यातून पुढे गेले, कारण पलीकडे आपलं पायदळ अडचणीत होतं. १६ डिसेंबरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांच्या रणगाड्यावर गोळा लागून तो पेटला. बाहेर पडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालत होती म्हणून ते आतच राहिले, लढत राहिले, आणि पुढच्या गोळ्याने गेले. त्यांचं वय एकवीस. परमवीर चक्र त्यांनाही मरणोत्तरच. त्यांचा जन्म पुण्याचा, आणि पलटणही १८१७ साली पुण्यात उभी राहिलेली. त्या रणगाड्याचं नाव होतं फामागुस्ता. सायप्रस बेटावरच्या एका बंदराचं नाव. तो पाकिस्तानच्या हाती लागला, नंतर परत आला, आणि नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जतन करून ठेवलेला आहे.

माझ्या टेबलावर वीतभर आहे तो हाच. त्याला युरोपची धूळ लावायची म्हणजे काय लावायचं?

तेव्हा मी इथल्याच मातीकडे वळलो. छत्तीसगडचा शेतकरी आपल्या मातीला चार नावांनी ओळखतो. कन्हार काळी आणि चिकट, पावसात पायाला धरून बसणारी. मटासी पिवळसर, भाताची. डोरसा या दोघींच्या मधली. आणि भाटा तांबडी, मुरमाड, उंचवट्यावरची. रायपूर सोडून कुठल्याही दिशेला थोडं गेलं की या चारही भेटतात. पंजाबच्या गाळाला रंगाने जवळची म्हणाल तर मटासी. ती आणायची, वाळवायची, बुरशी धरू नये म्हणून तव्यावर भाजायची, आणि मैद्याच्या चाळणीने चाळायची. मग पातळ फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून चाकांना आणि पट्ट्याला लावायची. या कामासाठी घरात स्वतंत्र तवा आणि स्वतंत्र चाळणी आहे. ती स्वतंत्र असावीत हा ठराव एकमताने झाला नाही, पण लगेच अमलात आला.

बाकीचं सामान घरातच निघालं. गंजाला गेरू. आपल्या कुंड्यांना आणि रांगोळीखाली जो लावतात तोच. लोखंडाचाच ऑक्साइड तो, त्याच्यापेक्षा खरा गंज कुठल्या बाटलीत असणार? धुराच्या नळीवरची काजळी गच्चीवरून मिळाली. सिलतऱ्याकडून येणारी ती काळी धूळ बोटाने उचलायची आणि नळीच्या तोंडाशी हलकेच चोळायची. तेवढ्यापुरतं तरी त्या कारखान्यांचं माझ्याशी काही देणंघेणं फिटलं. रंग कॅमलचे, म्हणजे १९३१ साली दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅम्लिनचे. ज्या नावाच्या रंगपेटीने शाळेत डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढला, तेच नाव आता ऑलिव्ह हिरव्यावर आहे. आणि सगळ्यात वरची, अगदी शेवटची, दिसेल न दिसेल अशी फिकट धूळ? ती सापडली बायकोच्या कप्प्यात. मुलतानी माती. नाव मुलतानचं, म्हणजे पंजाबचंच. आजकाल आपल्याकडे विकली जाणारी पुष्कळशी राजस्थानात, बाडमेरकडच्या खाणींत निघते, आणि बाडमेरची सीमाही १९७१ साली पेटलेलीच होती. कुठूनही बघा, युद्धभूमी योग्य आहे. डबीतली माती कमी झाल्याचं घरात लक्षात आलं. चौकशी झाली. "रणगाड्याच्या चेहऱ्याला लावली," असं मी सांगितलं, आणि त्या रात्रीचं जेवण नेहमीपेक्षा शांततेत पार पडलं.

पण धूळ हाती आली म्हणजे झालं असं नाही. ती कुठे बसवायची याला शिस्त आहे. धूळ कारणाशिवाय कुठे बसत नाही. आडव्या पत्र्यावर ती साचते, उभ्या पत्र्यावरून पावसाच्या ओघळांबरोबर खाली उतरते. पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकावर ती टिकतच नाही, तिथला धातू घासून घासून चकचकीत होतो. झाकणांच्या मुठी माणसांच्या हातांनी गुळगुळीत होतात. पुढच्या मडगार्डवर बुटांच्या खुणा पडतात, कारण चढायची वाट तीच. सेंच्युरियनमध्ये चार माणसं असत. कमांडर, तोफ चालवणारा, तोफेत गोळा भरणारा आणि चालक. कोण कुठून आत शिरत असेल, कुणाचा पाय कुठे पडत असेल, पाण्याची बाटली कुठे ठेवत असतील, रात्री गाडीला पाठ टेकवून कोण बसत असेल, हे ठरवल्याशिवाय ब्रश उचलता येत नाही.

मळवण्याचं हे काम मला जोडण्याहून मोठं वाटतं ते यासाठीच. स्वच्छ हिरवा रणगाडा म्हणजे नुसतं यंत्र. त्यात कुणीही नसतं. धूळ, ओघळ, झिजलेली मूठ यांच्यामुळे आत माणसं आहेत असं वाटायला लागतं. मी युद्धाचा भक्त नाही, आणि वीतभर तोफेची मिजास करायचं वयही नाही. पण एका एकवीस वर्षांच्या मुलाने ज्या पत्र्यावर पाय ठेवला असेल तिथला रंग किती उडाला असेल, याचा अर्धा तास विचार करणं मला त्याच्या पुतळ्याला हार घालण्यापेक्षा जवळचं वाटतं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या दीदींना हे सगळं सांगायची वेळ आली नाही. त्या महासमुंदकडच्या खेड्यातल्या. एकदा टेबल पुसता पुसता रणगाड्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "भइया, एमा अब्बड धुर्रा हे. पोंछ दंव का?" फार धूळ आहे, पुसून देऊ का? मी घाईघाईने दोन्ही हात आडवे केले. ही धूळ मुद्दाम लावलेली आहे असं सांगितलं. दीदींनी माझ्याकडे जे पाहिलं त्यात मालकाविषयीचा आदर आणि माणसाविषयीची काळजी दोन्ही होती. मग त्या वाकल्या, रणगाडा चारही बाजूंनी नीट पाहिला, मागच्या मडगार्डवर बोट न लावता बोट दाखवलं, आणि म्हणाल्या, "हव. पाछू डहर जादा धुर्रा रहिथे. ट्रेक्टर मा घलो." म्हणजे बरोबर आहे, मागच्या बाजूलाच जास्त धूळ असते, ट्रॅक्टरवरही तशीच. एवढं म्हणून त्यांनी फडकं पुढच्या खुर्चीकडे वळवलं. छंदाच्या जगात परीक्षक असतात, पदकं असतात. कन्हार-मटासीतून ट्रॅक्टर जाताना रोज पाहिलेल्या बाईने पास केलेला रणगाडा माझ्याकडे आहे, मला आणखी पदक नको.

तेव्हापासून चौकातले खरे रणगाडे बघताना मला राहवत नाही. १९६५ आणि १९७१ च्या लढायांत पकडलेले आणि पुढे आपले निवृत्त झालेले रणगाडे देशभर अनेक गावांत चौथऱ्यांवर उभे आहेत. दर राष्ट्रीय सणाआधी त्यांना ऑइलपेंटचा एक नवा हात मिळतो. थरावर थर चढत जातात. बोल्टांच्या कडा बुजतात, झाकणांच्या फटी बुजतात, पट्ट्यांना चंदेरी रंग देतात, चाकांना पांढरी किनार काढतात. कुठे गोळा लागून खोच पडली असेल तर तीही एम-सीलसारखं काही भरून गुळगुळीत होते. हेतू आदराचाच असतो, यात शंका नाही. पण ती खोच हाच त्या गाडीचा खरा कागद होता, आणि तो आपण आदराने रंगवून टाकला. मग तिथे माणसं येतात, नळीवर हात ठेवून फोटो काढतात, आणि घरी जाताना तोफ किती लांब होती एवढंच सांगतात. माझा वीतभर प्लॅस्टिकचा सेंच्युरियन त्या पन्नास टनी पोलादापेक्षा जास्त खरं बोलतो, असं म्हणणं धाडसाचं आहे. पण तेच माझं मत आहे.

म्हणून एक विनंती. नगरला जाणं झालं तर तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय चुकवू नका. १९९४ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांनी त्याचं उद्घाटन केलं. व्हॅलेंटाइन, चर्चिल, शर्मन, सेंच्युरियन, पॅटन, आपला विजयंत, पाण्यावर तरंगणारा पीटी-७६, अशा पन्नासच्या आसपास गाड्या तिथे आहेत. मुलांना बरोबर न्या. तोफेच्या नळीखाली त्यांचा फोटो काढा, तो काढल्याशिवाय ती पुढे सरकणार नाहीत. पण मग त्यांना वर चढायच्या पायऱ्या कुठे आहेत, चालकाचं झाकण कुठलं, एवढ्याशा जागेत चार माणसं कशी मावत असतील, हे शोधायला लावा. आणि तुमच्या गावातल्या चौकात रणगाडा असेल, त्याला नवा रंग द्यायची चर्चा तुमच्यासमोर निघाली, तर बैठकीत हात वर करून एवढंच सांगा: गंज अडवा, पाणी साचू देऊ नका, पण खोचा बुजवू नका.